हरभऱ्याची आंब

पौषांत हरभरा फुलावर आला, कीं सापगावच्या आमच्या घरीं आजीची एक गडबड सुरू होई. भात निघालेल्या शेतांत ओलीवर पेरलेल्या त्या हरभऱ्यावर रात्रीं स्वच्छ धुतलेलें धोतर पसरावयाचें आणि पहांटे दंवानें भिजलेलें तें धोतर चिनी मातीच्या बरणींत पिळावयाचें. पितळेचें भांडें तिनें त्या कामास कधीं लावूं दिलें नाहीं. ही हरभऱ्याची आंब. अजीर्ण झालें, कीं तिचे चार थेंब पाण्यांतून मिळत. एका काकांस मुतखड्याचा विकार होता. त्यांस मात्र ती आंब कधींच देत नसे.

१९६८ सालीं मी मुंबईस इंटर सायन्सच्या वर्गांत होतों. अर्ध्या हळकुंडानें पिवळा झालेला मी सुटींत घरीं आलों आणि चारचौघांत आजीला म्हणालों, "आंब म्हणजे नुसतें आंबट. हें काय नांव झालें? शास्त्रांत ह्याला मॅलिक आम्ल म्हणतात, आणि त्यांत ऑक्झॅलिकही असतें."

"बरें, पण मॅलिक म्हणजे काय रे?"

मला ठाऊक नव्हतें. "तें तुला नाहीं कळावयाचें," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. आजी कांहीं बोलली नाहीं. त्यानंतर माझ्यासमोर तिनें आंबेचा विषय काढला नाहीं.

उत्तर पुढें सांपडलें, आणि मी ओशाळलों. लॅटिनमध्यें 'मालुम' म्हणजे सफरचंद. १७८५ सालीं शील ह्या स्वीडिश रसायनज्ञानें त्या फळाच्या रसांतून तें आम्ल वेगळें केलें, म्हणून मॅलिक. मुंग्यांपासून मिळालें तें फॉर्मिक. 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. शिरक्यांतलें ॲसेटिक, आणि खंवट लोण्याचा दर्प ज्याचा, तें ब्युटिरिक. ऑक्झॅलिक हें नांव तर आपल्या परसांतील आंबुशीच्या कुळावरून आलेलें. त्या कुळाच्या नांवाच्या मुळाशीं जो ग्रीक शब्द आहे, त्याचाही अर्थ तिखट-आंबट असाच! म्हणजे विलायतेंतील पंडितांनीं केलें तेंच आमच्या आजीच्या आज्यांनीं केलें होतें.

ह्या सर्वांची जात एक. एका कार्बनला दोन ऑक्सिजन आणि त्यांपैकीं एकास हायड्रोजन, असा 'कार्बोक्सिल' गट प्रत्येकांत असतो. तो हायड्रोजन सुटतो, म्हणून जिभेला आंबट लागतें. अशीं आम्लें इतकीं सांपडलीं, कीं घरगुती नांवें पुरेनात. १८९२ सालीं जिनीव्हा येथें रसायनज्ञ जमले आणि कार्बन मोजून नांवें देण्याची रीत त्यांनीं बसविली. त्या परंपरेंत मॅलिकचें नांव २-हायड्रॉक्सिब्यूटेनडायोइक आम्ल असें होतें. चार कार्बन, दोन टोकांस दोन कार्बोक्सिल, मध्यें एक हायड्रॉक्सिल, सारें नांवांतच आलें. आंधळ्यानेंही आकृति काढावी. सफरचंद तेवढें गेलें.

आतां माझी नात दहावीस आहे. परवां तिनें विचारलें, "आजोबा, एथॅनॉइकला ॲसेटिक कां म्हणतात?" ह्या वेळीं मीं वेळ मारून नेली नाहीं. बोलतां बोलतां आंबेची गोष्ट निघाली. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक लवेंतून तें आम्ल पाझरतें, आंबेंतील ऑक्झॅलिकपासून जो क्षार होतो तोच बहुतेक मुतखड्यांत सांपडतो, हें मीं तिला सांगितलें. तिनें वही उघडली आणि विचारलें, "धोतर किती रात्री पसरायचें?"

पहिल्या दिवसाचें पाणी आजी टाकून देत असे, एवढें मला आठवतें. कां टाकी, आणि पुढें किती रात्री, तें तिला विचारावयाचें राहून गेलें.