छावणी आणि छात्रसेना

सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर हे वऱ्हाडातील प्राचीन नगर वसले आहे. एके काळी ते इमादशाहीच्या राजधानीचे स्थान होते. या नगराला लागूनच परतवाडा आहे. जुनी माणसे त्याला ‘अचलपूर कॅम्प’ म्हणत. कॅम्प म्हणजे छावणी. आज जेथे दुकाने, शाळा आणि कचेऱ्या आहेत, तेथे एकोणिसाव्या शतकात ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेचा तळ होता.

या फौजेच्या खर्चाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. फौज निजामाच्या नावाची, पण तिच्यावर हुकमत इंग्रजांची. निजामाकडे खर्चाची बाकी थकली, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि त्याच्या महसुलातून फौजेचा खर्च भागू लागला. उन्हातान्हात कापूस पिकवून वऱ्हाडी शेतकऱ्याने जो सारा भरला, तो अशा रीतीने एका परक्या फौजेसाठी वेचला गेला. त्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. तशी कोणी त्याची अपेक्षाही केली नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला. लोकांच्या पैशाचे लोकांना उत्तर द्यावे लागेल, असे राज्य आले. शाळा-महाविद्यालयांतील तरुणांना शिस्तीचे शिक्षण कसे द्यावे, याचा विचार करण्यासाठी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये एक समिती नेमण्यात आली होती. तिच्या शिफारशींनुसार १९४८ मध्ये संसदीय कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. वायुदलाची व नौदलाची शाखाही लवकरच निघाली. आज देशभर लाखो मुलेमुली छात्रसेनेत आहेत, आणि अमरावती येथे तिचे गट-मुख्यालय आहे. ‘एकता आणि अनुशासन’ हे तिचे ब्रीद होय.

या सेनेचा खर्च केंद्र व राज्य ही दोन्ही सरकारे मिळून करतात. गणवेश, शस्त्रे, लष्करातील शिक्षक, शिबिरातील तंबू व शिधा या सर्वांमागे करदात्याचा पैसा आहे. साहजिकच कोणी विचारील, की ज्या गावात शाळेचे छप्पर गळते, तेथे मुलांच्या कवायतीवर खर्च का करावा? हा प्रश्न उपेक्षणीय नव्हे. पूर्वीच्या शेतकऱ्याला जो विचारता आला नाही, तोच हा प्रश्न आहे. म्हणून त्याचे उत्तर रागाने नव्हे, तर विचाराने दिले पाहिजे.

कवायतीच्या मैदानावर पहिल्याच दिवशी मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात. उंच मुलगा उजवीकडे, ठेंगणा डावीकडे. घराणे, जात, श्रीमंती यांची चौकशी तेथे होत नाही. व्यापाऱ्याचा मुलगा आणि सरकीच्या गिरणीतील हमालाचा मुलगा यांच्या अंगावर एकच खाकी कापड असते. शिबिरात दोघांनाही आपापले ताट स्वतःच घासावे लागते. मेळघाटच्या वाटा ज्याने लहानपणापासून तुडविल्या, तो कोरकू मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसत असेल. पण डोंगरातील वाटचालीत शहरी सोबती त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालतात. त्याचे मोल त्यांना कळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते त्याचे त्यालाही कळते. जखमेवर पट्टी कशी बांधावी, नकाशा कसा वाचावा, दहाजणांना बरोबर घेऊन ठरल्या वेळी काम कसे तडीस न्यावे, हे शिक्षण फळ्यावर लिहून देता येत नाही.

त्या शिक्षणाची कसोटीही लागली आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रसैनिकांनी पिछाडीची कामे सांभाळली. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मोठ्या वयाचे छात्रसैनिक स्वेच्छेने पुढे आले. त्यांनी शिधावाटपाला व रहदारीच्या नियमनाला हातभार लावला.

छात्रसेनेने बळजबरीचा अनुभवही घेतला आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. परंतु १९६८ मध्ये सक्ती उठली आणि ते पुन्हा ऐच्छिक झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली व सेवेचा दुसरा मार्ग मोकळा झाला. शिस्त ही मुलाने स्वतः होऊन स्वीकारावी, तेव्हाच ती अंगी मुरते, हाच त्यातील धडा होय.

आता पैशाचा प्रश्न पुन्हा पाहू. छात्रसेनेच्या जागा मर्यादित असतात. पुष्कळ शाळा आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. अशा खाजगी शाळांसाठी स्वखर्चाने तुकडी चालविण्याची योजना निघाली आहे. ज्यांना ऐपत आहे, त्यांनी तिचा लाभ घेण्यात काही गैर नाही. पण उद्या सरकारने आपला हात आखडता घेतला, तर काय होईल? फी भरणाऱ्या मुलाला गणवेश मिळेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील शेतमजुराची मुलगी कुंपणाबाहेर उभी राहून कवायत पाहील. ज्या रांगेत सर्वांनी एकत्र उभे राहायचे, ती रांगच मग निवडक मुलांची होईल. छप्पर दुरुस्त केलेच पाहिजे. परंतु त्यासाठी गरिबाच्या मुलांचा गणवेश काढून घेणे हा उपाय नव्हे.

ज्यांनी लोकांच्या पैशाचा चोख विनियोग केला, असे संत याच भूमीत झाले. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी अंगावरच्या चिंध्या व हातातले गाडगे एवढेच ठेवले. दिलेला पैसा कोठे गेला, हे पाहायला लोकांना दूर जावे लागत नसे.

छात्रसेनेचा हिशेबही असाच उघड्यावर असला पाहिजे. खाकी गणवेशाच्या प्रत्येक धाग्यात कोणाच्या तरी कष्टाचा पैसा आहे, हे छात्रसैनिकाने ध्यानी ठेवावे. मैदानावरून घरी परतताना वाटेत पडलेल्या म्हाताऱ्याला त्याने हात दिला, रुग्णालयात रक्त हवे असता योग्य वयाचा झाल्यावर तो पुढे झाला, सार्वजनिक नळ वाहता दिसताच त्याने तो बंद केला, तर करदात्याला उत्तर मिळाले असे समजावे. आणि ज्यांनी पैसा दिला, त्यांनीही ते उत्तर मागत राहावे. परतवाड्याच्या जुन्या छावणीच्या काळी वऱ्हाडच्या शेतकऱ्याला जो अधिकार नव्हता, तो आज त्याच्या नातवंडांना लाभला आहे.