विजयादेवीचा बंदिवान

रोमन नाण्यांवरील विजयादेवीचा ध्यास घेतलेल्यांना चांदीची ‘व्हिक्टोरिएटस’ किंवा सोन्याची ‘सॉलिडस’ भुरळ घालतात. माझा जीव मात्र इ. स. ३८३ नंतर पाडलेल्या, जेमतेम ग्रॅमभर वजनाच्या तांब्याच्या नाण्यांत गुंतला. ती विपुल, म्हणून स्वस्त; आणि बहुधा झिजलेली. ‘सालुस रेइपुब्लिकाए’, म्हणजे राज्याचे क्षेम, ही अक्षरे. पंखधारी विजया खांद्यावर जयचिन्ह घेऊन बंदिवानाला फरफटत नेते आहे. आणि शेजारी चक्क ख्रिस्ताचे चिन्ह! याच देवीची वेदी सम्राट ग्रेशियनने ३८२ मध्ये सिनेटच्या सभागृहातून काढवली होती. ३८४ मध्ये सिमाकसने ती परत मागितली. विनंती फेटाळली गेली. पूजा गेली, पण टांकसाळीला देवी हवीच होती.

संग्राहक प्रथम देवीचे पंख शाबूत आहेत का, ते पाहतात. माझे भिंग बंदिवानावर स्थिरावते. पुष्कळदा त्याचा नुसता उंचवटा उरलेला असतो. कधी तो नाण्याच्या कडेबाहेरच गेलेला. ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले. तरीही ४२३ ते ४२५ या काळात सत्तेवर असलेल्या योहानेसच्या रोममधील नाण्यांवर देवी तसाच बंदिवान ओढते आहे.