काळं अंडं

काम आलं ते असं: पडद्यावर पाळायचा एक ड्रॅगन, नाव एखाद्या खनिजाचं, अंडं-पिल्लू-मोठा अशा तीन अवस्था, चौकट 80 बाय 80 पिक्सेलची, रंग फक्त 16. माणिक, पाचू, नीलम आधीच इतरांनी उचलले होते. मी निळा कॅव्हन्साइट मागून घेतला, कारण त्याचा एक तुकडा वर्षानुवर्षं माझ्या मॉनिटरपाशी पडून आहे. मित्राचे वडील पुण्याजवळ वाघोलीकडे खडी क्रशरवर हिशेब लिहायचे. मी शाळेत असताना त्यांनी तो सहज हातावर ठेवला होता.

80 बाय 80 ही तशी चैनच. 1996 साली आलेल्या तामागोची या खेळण्यातल्या पाळीव प्राण्याचं सगळं आयुष्य 32 बाय 16 काळ्या ठिपक्यांत जायचं, तरी तो मेला की पोरं जेवायची नाहीत.

पहिला ड्रॅगन दोन तासांत झाला. नेहमीचा काढला, द्राक्षबागेच्या फवारणीसाठी भिजवलेल्या मोरचूदाचा निळा त्यात भरला आणि पाठीवर चार स्फटिक खोचले. रात्री बरा वाटला. सकाळी पाहिलं तर रंगपंचमी खेळून आलेली घोरपड. खनिजांचे बहुतेक ड्रॅगन असेच असतात. सरडा एकच, रंगाचा डबा तेवढा दुसरा. दुसऱ्याच्या कामात हे मला लगेच दिसतं, स्वतःच्या कामात दिसायला रात्र जावी लागते.

मग तुकडा भिंगाखाली धरला. खाली साईच्या रंगाचं स्टिलबाइट हे दुसरं खनिज आणि त्यावर वाटाण्याएवढी निळी गोळी. इतकी वर्षं मी तिला गोळीच समजत होतो. ती गोळी नाही. एकाच बिंदूतून चहूबाजूंनी निघालेल्या टोकदार काड्या, अगदी कदंबाच्या फुलासारख्या. वटवाघळाच्या पंखाची हाडंही अशीच मनगटाच्या एका सांध्यातून फाकतात. पंख जमला तो तिथे. कदंबाचं अर्धं फूल उघडावं तसा तो उघडतो. खऱ्या गोळीत काड्या मोजता येत नाहीत. मी सात काढल्या, प्रत्येक एक पिक्सेल जाड, आणि मधल्या फटी गडद ठेवल्या. आठवी घातली की पंखाचा खराटा व्हायचा.

सावलीचाही घोळ झाला. निळ्यात काळा मिसळला की तो मळतो, शाळेच्या शर्टाला सांडलेल्या शाईसारखा दिसतो. म्हणून अंधाराकडे जाताना निळा जांभळ्याकडे झुकवला, उजेडाकडे येताना मोरपंखी केला. पाच निळ्यांत भागलं. पोट मात्र साईच्याच रंगाचं ठेवलं, कारण हा निळा उठतो तो खालच्या स्टिलबाइटमुळे.

त्याच दिवशी आगाऊपणा करून मी तुकड्यावरची धूळ जुन्या टूथब्रशने झाडली. ब्रशला निळं पीठ लागलं. कॅव्हन्साइटचा कठीणपणा मोहस् मापावर जेमतेम 3 ते 4, साध्या चाकूनेही ओरखडा उठतो, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि आपल्या हाताने झडलेलं वेगळं. तोवर माझा ड्रॅगन छाती काढून, पंजा उगारून उभा होता. मी त्याला खाली बसवला आणि पंख अंगाशी घेतले. कुणाचा धक्का लागू नये म्हणून गर्दीत आजी लोक कोपर धरून बसतात, तसा तो आता बसतो.

आग ओकायचं काय, हा प्रश्न उरला होता. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि काळ्या फत्तरात पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांतून नंतर ऊन पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्याने हे स्फटिक घडवले. स्फटिकाच्या घडणीतच पाण्याचे रेणू आहेत. म्हणजे आग या प्राण्याच्या आजोळची, तो स्वतः पाण्याचा. त्याच्या नाकपुड्यांतून मी वाफ सोडली. चार पिक्सेल, तेही फिकट.

नावाची गंमत वेगळीच. खेळणाऱ्यांना वाटतं की ते इंग्रजी केव्हवरून, म्हणजे गुहेवरून आलं. खरं तर ते कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेलं, रासायनिक दुकानाच्या पाटीसारखं नाव. 1973 साली ते ठेवलं गेलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून. जगातले सर्वांत देखणे नमुने निघाले ते मात्र आमच्या वाघोलीच्या दगडखाणींत, सुरुंग लावून खडी काढता काढता. गुहेचा गैरसमज मी दुरुस्त करत नाही. पोकळीत जन्मलेल्याला तो शोभतो.

अडलं ते अंड्यावर. मी साधा काळा धोंडा काढला. रस्त्याकडेच्या ढिगात पडलेला असतो तसा, किंचित खडबडीत, चमक नाही. काम देणाऱ्यांनी तो परत पाठवला. झळाळत्या अंड्यांच्या रांगेत हे कोण उचलणार? निदान एक निळी भेग तरी दाखवा. त्यांचं चूक नव्हतं. पण क्रशरच्या पट्ट्यावर चढणाऱ्या दगडावर आत काय आहे त्याची भेग नसते, आणि आत काही असलेले कितीतरी तसेच खडी होऊन स्लॅबमध्ये गेले असतील.

दोन आठवडे घासाघीस झाली. अंडं हलतं ते आठ चित्रांचं आहे. त्यातल्या सहाव्या चित्रात, डाव्या अंगाला, मी एक निळा पिक्सेल ठेवला. तो दशांश सेकंद दिसतो.