आत्याचं उघडं दार

माझी थोरली आत्या गेल्या महिन्यात गेली. वय ९३. पुण्यात कसब्यातल्या दोन खोल्यांत ती चाळीस वर्षं एकटीच राहिली. सकाळी मंडई, दुपारी भिशी, संध्याकाळी शेजारच्या मुलांचे पाढे. दार दिवसभर उघडं.

८६व्या वर्षी ती न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण मी घाबरलो आणि तिला माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टर म्हणून मला तेच योग्य वाटलं. दोन महिन्यांत तिचं जेवण निम्म्यावर आलं, झोप उडाली. तपासण्या मात्र सगळ्या नॉर्मल! एकदा म्हणाली, "अरे, इथे कुणाचं माझ्यावाचून काही अडत नाही."

शेवटी तिला परत सोडलं. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, रात्रीसाठी छोटा दिवा लावला, चष्म्याचा नंबर तपासून घेतला, एक किल्ली शेजारी ठेवली. त्यानंतर ती सात वर्षं जगली, शेवटचे काही महिने सोडले तर स्वतःच्या पायांवर.

वाचकहो, वृद्ध माणसाचं हिंडणं-फिरणं थांबलं की पायांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. एकटेपणाही शरीराला बाधतो; जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या प्रश्नावर आयोग नेमला. तुमच्या आजी-आजोबांना कुठे ठेवायचं हे ठरवताना आधी त्यांनाच विचारा. मी विचारलं नव्हतं.