खाणीच्या ढिगांवर परतलेलें रान

मनुष्य पृथ्वीच्या पोटांतून जें जें काढतो, त्याचा हिशेब तो चोख ठेवतो. किती टन खनिज निघालें, काय भाव आला, किती मजूर लागले, हें सारें वहींत असतें. परंतु तें काढण्यासाठीं वरचें काय काय बाजूस सारलें, त्याचें खातें फार थोड्या वह्यांत सांपडतें. ती माती, तें गवत, त्या गवतांतील टोळ आणि त्या टोळांवर जगणारीं पांखरें यांची नोंद कोण करणार? आज या दुसऱ्या खात्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आपलें नागपूर संत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पण त्याच्या भूमींत दुसरेंहि धन आहे. १८४५ सालीं येथें आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं या प्रांतांतील खडकांचा व जीवाश्मांचा मोठ्या आवडीनें अभ्यास केला होता. पुढें १८९६ सालीं येथील मँगनीजच्या शोधासाठीं एक कंपनी निघाली, आणि १९६२ सालीं तिच्यापासून आजच्या ‘मॉयल’ची स्थापना झाली. कांद्री, मनसर, गुमगांव, बेलडोंगरी, आणि भंडाऱ्याकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग, हीं नांवें त्यामुळें दूरवर पोंचलीं. मँगनीजवांचून चांगलें पोलाद होत नाहीं. ज्या रुळांवरून आपण प्रवास करतों, त्यांतहि त्याचा अंश असतो.

माझे थोरले मामा कांद्रीच्या बाजूस मुकादम होते. त्यांच्या पगारांतून माझ्या शाळेची फी भरली जाई. म्हणून खाण म्हणजे निव्वळ पाप, असें मला म्हणवत नाहीं. सुटींत आम्ही भावंडें त्यांच्याकडे जात असूं. घराच्या मागें काळ्या-तांबड्या दगडांचा एक उंच ढीग होता. दगड पायाखालून निसटत, म्हणून त्यावर चढण्यास मामींची सक्त मनाई असे. त्या ढिगावर एकहि झाड नव्हतें. संध्याकाळीं साऱ्या रानांतून पांखरांचा आवाज येई. ढीग तेवढा मुका राही.

हा मुकेपणा कशामुळें, तें पुढें शास्त्र शिकल्यावर कळलें. खनिजापर्यंत पोंचण्यासाठीं वरची सुपीक माती आधीं उकरली जाते आणि खोलवरचा दगड तिच्यावर येऊन पडतो. त्या दगडांत कुजलेल्या पाल्याचा अंश नसतो, नत्र नसतें, मुळांना साह्य करणारे सूक्ष्म जीव नसतात. पावसाचें पाणी थांबत नाहीं, आणि वैशाखांत तर तो ढीग तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणीं पडलेलें बीं उपाशीं मरतें.

यावर उपाय शोधण्याचें काम आपल्याच शहरांत झालें, ही विद्यार्थ्यांनीं अभिमानानें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. १९५८ सालीं येथें स्थापन झालेली व १९७४ पासून ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाणारी संशोधनसंस्था सर्वांस ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत तेथील शास्त्रज्ञांनीं गुमगांवच्या मँगनीज खाणीवरील ढिगांचा प्रश्न हातीं घेतला, डॉ. आशा जुवारकर यांचें नांव त्यांत प्रमुख आहे. त्यांची युक्ति ऐकण्यास साधी वाटते. साखर कारखान्यांत उसाचा रस गाळतांना उरणारा गाळ त्यांनीं दगडांत मिसळला. हवेंतील नत्र जमिनींत आणणारे जीवाणु आणि मुळांशीं सख्य करणारी बुरशी रोपांबरोबर दिली. मग साग, शिसव, कडुनिंब यांसारखीं या भूमीला मानवणारीं झाडें लावलीं. एका उद्योगाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्या उद्योगाच्या जखमेवर औषध झाला! पुढें चंद्रपूरजवळ पद्मापूरच्या कोळसा खाणीवरहि याच पद्धतीचा प्रयोग झाला.

परंतु झाडें लागलीं म्हणजे रान झालें, असें नव्हे. गेल्या हिवाळ्यांत मी आमच्या आठवी-नववीच्या मुलांस झाडें लावलेल्या एका जुन्या ढिगापाशीं घेऊन गेलों होतों. पाल्याखालीं मुंग्या व वाळवी यांची लगबग चालली होती. सातभाईंचा एक थवा तेथें पालापाचोळा उलथीत होता. कोतवाल फांदीवरून झेंप घालून किडे टिपीत होता. तितक्यांत एका मुलानें विचारलें, “सर, सगळीं झाडें ओळींत आहेत, मग हें कडुनिंबाचें रोप मध्येंच कसें?” खरेंच, शिसवाच्या बुंध्याशीं तें एकटें उभें होतें. कोणा माळ्यानें तें लावलें नव्हतें. बुलबुलानें किंवा साळुंकीनें कोठेंतरी निंबोळी खाल्ली असेल, आणि शिसवाच्या फांदीवर विसावतांना बीं खालीं टाकलें असेल. मीं मुलांस म्हटलें, “ओळींतलीं झाडें माणसांचीं, हें रोप रानाचें. येथून पुढें रान आपलें काम आपण करूं लागलें.”

असाच अनुभव दूरच्या देशींहि आला आहे. आफ्रिकेंत केनियामध्यें मोंबासाजवळ बांबुरी येथें सिमेंटासाठीं प्रवाळाचा चुनखडक खणून मोठें उजाड मैदान झालें होतें. १९७१ सालीं रेने हॅलर या स्विस गृहस्थांनीं तेथें २६ जातींचीं झाडें लावून पाहिलीं; तीनच जाती तगल्या. त्यांत आपल्या कोंकण किनाऱ्यावर दिसणारा सुरू होता. सुरूच्या सुयांचा थर खालीं सांचे, परंतु तो कुजत नसे, म्हणून माती होईना. शेवटीं हें काम केलें कोणीं? तर पुष्कळ पायांच्या वाणी किड्यानें, ज्यास आपल्याकडे कोणी पैसा म्हणतात. हॅलर यांनीं ते किडे आणून सोडले. त्यांनीं सुया खाऊन त्यांची माती केली, आणि त्या मातींत पुढें मोठें वन उभें राहिलें. जिराफ व पाणघोडे तेथें माणसांनीं आणले. पांखरें मात्र आपण होऊन आलीं. पायाखालीं सहज चिरडला जाणारा किडा एका वनाचा पाया घालतो!

तरीहि सर्व कांहीं परत येतें, असें समजूं नये. नागपुरांतील जुन्या वड-पिंपळांवर राखी धनेश दिसतो. त्याची मादी झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेऊन अंडीं उबवते, आणि नर तिला बाहेरून फळें भरवतो. अशी ढोली पडण्यास झाड म्हातारें व्हावें लागतें. पंचवीस वर्षांच्या शिसवांत धनेशाचें घर होत नाहीं. तें तुमच्या नातवंडांच्या काळीं झालें तर होईल. म्हणून “नवीं लावूं, जुनीं तोडूं” हा सौदा तोट्याचाच आहे. ढिगावरचें रान हें औषध आहे. औषध मिळतें म्हणून कोणी हातपाय मोडून घेत नाहीं.

दुसरीहि एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत घ्यावी. चंद्रपूरच्या कोळसा खाणी व वीजकेंद्र यांच्या आसपास वेड्या बाभळीचीं दाट झुडपें माजलीं आहेत, आणि ताडोबाच्या बाजूचे वाघ व बिबटे तेथें वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्यें दुर्गापूरच्या परिसरांत लागोपाठ एक कामगार व एक सोळा वर्षांचा मुलगा प्राणांस मुकले. तो मुलगा तुमच्यापैकींच कोणाएवढा होता. म्हणून वन्य पशु परतले, एवढ्यानेंच आनंद मानून चालत नाहीं. कोणतें रान कोठें वाढूं द्यावें, वस्तीजवळचीं झुडपें व कचरा यांचें काय करावें, वाघास जाण्यायेण्यास वाट कोठें ठेवावी, याचा विचार झाडें लावण्याइतक्याच काळजीनें व्हावयास हवा. त्या वस्तींत मामांसारखींच कष्टाचीं माणसें राहतात.

मुलांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां खाणींत अभियंते किंवा हिशेबनीस होतील. तेव्हां पहिल्या वहीबरोबर ही दुसरी वहीहि उघडा. खणण्यापूर्वीं वरची माती वेगळी राखली कीं नाहीं, तें लिहा. कोणतें पांखरूं केव्हां परतलें आणि कोणतें अद्याप परतलें नाहीं, तेंहि लिहा. आणि ज्या दिवशीं एखाद्या ढिगावर ओळींत नसलेलें रोप दिसेल, त्या दिवसाची तारीख ठळक अक्षरांत घाला.