न विचारता केलेली दुरुस्ती

डिस्क खराब होते, हे मी समजू शकतो. वीज जाते, उंदीर वायर कुरतडतात, तेही ठीक. पण धडधाकट डिस्कवर मदरबोर्डने स्वतःहून काहीतरी लिहावं, न विचारता, न सांगता, आणि वर बोर्डाच्या कंपनीने ‘तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष असावा’ असं कळवून मोकळं व्हावं, हे मला अजूनही पचलेलं नाही. मी विषय काढला की घरातले एकेक करून आत जातात.

माझा घरचा सर्व्हर म्हणजे काही थोर प्रकरण नाही. जुनं कॅबिनेट, चार टेराबाइटच्या चार डिस्क, त्यांची लिनक्सवर बांधलेली रेड-५. चारांतली एक गेली तरी माहिती शाबूत राहते आणि वापरायला बारा टेराबाइट मिळतात. दोन डिस्क नव्या घेतलेल्या, दोन माझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या जुन्या विंडोज मशीनमधून काढलेल्या. आत घरचे फोटो, कागदपत्रं आणि बाबांच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींच्या कॅसेटी, मीच बसून उतरवलेल्या. हे सगळं कोथरूडच्या घरात माळ्यावर बिनबोभाट चालत होतं. एका पावसाळ्यात जुना बोर्ड गेला. कपॅसिटरच्या टोप्या फुगून वर आल्या होत्या, शंकेला जागाच नव्हती. तपकीर गल्लीत जाऊन नवा बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणली, डिस्क होत्या तशा जोडल्या, बटण दाबलं.

सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. त्याला स्वतःचा मॉनिटर नाही, म्हणून तो खाली उतरवून हॉलमधल्या टीव्हीला जोडला. वेळ रात्री आठची, म्हणजे आईच्या मालिकेची. मालिकेच्या जागी काळा पडदा आला आणि त्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळायला लागल्या. शेजारी सेकंद मोजणं चालू. एका डिस्कची वाट पाहतोय, जास्तीत जास्त दीड मिनिट, असं यंत्राचं म्हणणं.

“किती वेळ रे?” आईने विचारलं.

“दीड मिनिट.”

“तुझं दीड मिनिट मला माहिताय.”

दीड मिनिटाने चांदण्या थांबल्या आणि ‘इमर्जन्सी मोड’ असं लिहून आलं. रूटचा पासवर्ड द्या आणि स्वतः बघा. ही लिनक्सची एक खोड आहे. सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. त्यातली एक जरी सापडली नाही तरी सबंध यंत्र अडून बसतं, भले ती डिस्क नुसत्या फोटोंची का असेना. त्या ओळीत ‘नोफेल’ एवढा शब्द घातला की नाही मिळाली तर पुढे चालू पडतं. हा शब्द मुळातच का नसतो, हे मला कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. ज्यांच्याकडे घरी सर्व्हर असेल त्यांनी आज रात्रीच तो घालावा. निदान दूर बसून आत शिरता तरी येईल, टीव्ही काढून घ्यावा लागणार नाही.

मी शब्द घातला, यंत्र सुरू झालं. पण रेड नव्हतीच. चारपैकी दोन डिस्क सांगत होत्या की आम्ही अमुक रेडच्या सभासद आहोत, उरलेल्या दोन चक्क कानावर हात ठेवून होत्या. रेड-५ एक डिस्क गेलेली सोसते, दोन नाही.

आमच्या भागात एक दुरुस्तीवाला आहे, बरा माणूस. त्याच्याकडे गेलो ते डिस्क नीट फिरतात का, एवढंच दुसऱ्या यंत्रावर पाहायला. त्याने एक डिस्क विंडोजला जोडली, ‘फॉरमॅट करायची का?’ अशी चौकट आली आणि त्याचा हात माउसवर गेला. मी अक्षरशः मनगट धरलं. “सर, डिस्क गेलीय,” तो म्हणाला, “लॅबला पाठवावी लागेल, पन्नास-साठ हजार धरून चाला.” मी लॅपटॉपवरचा स्मार्टचा अहवाल त्याच्यापुढे धरला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. खराब होऊन बदललेले सेक्टर शून्य, वाचता न आलेले सेक्टर शून्य, केबलच्या चुका शून्य. दोन्ही डिस्कचं तेच. एकाच दिवशी, एकाच बटणाच्या दाबात दोन निरोगी डिस्क मरतात कशा? यावर त्याचं उत्तर होतं, “होतं कधीकधी.”

घरी येऊन डिस्कची यादी नीट पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. त्या दोन डिस्कवर एकेक पार्टिशन दिसत होतं, जे तिथे असायलाच नको होतं. मी रेड बांधली होती ती अख्ख्या डिस्कवर, पार्टिशन न करता. आणि हे पार्टिशन होतं विंडोजचं. शेजारी त्या काळचं विंडोज राखून ठेवायचं तो १२८ एमबीचा तुकडाही. ही रचना माझ्या जुन्या एडिटिंगच्या मशीनची होती, जे मशीन भंगारात जाऊनही बरीच वर्षं झाली.

इथे थोडं तपशिलात जावं लागेल, कारण सगळी गोम इथेच आहे. जीपीटी नावाची जी पार्टिशनची नोंदवही असते तिच्या दोन प्रती असतात. मुख्य प्रत डिस्कच्या सुरुवातीला, पहिल्या ३४ सेक्टरांत, आणि राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. लिनक्सची रेड स्वतःची ओळख लिहिते ती सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर, म्हणजे शून्यापासून मोजलं तर आठव्या सेक्टरवर. म्हणजे बरोबर जीपीटीच्या जागेत. मी रेड बांधली तेव्हा सुरुवातीची प्रत बिघडली, शेवटची तशीच राहिली, कारण रेड तिथपर्यंत पोचतच नाही. रेड बांधताना लिनक्सचं एमडीएडीएम हे साधन बजावतं की इथे पार्टिशन टेबल आहे, ते पुसलं जाईल किंवा निरर्थक होईल, पुढे जायचं का? पुढे जा म्हटलं. जुन्या बोर्डाने कधी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. नव्या बोर्डातल्या यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराने, पाहिलं. सुरुवातीची प्रत बिघडलेली दिसली, शेवटची ठणठणीत दिसली. त्याने शेवटची उचलली आणि सुरुवातीला छापली. रेडची ओळख त्याखाली गेली.

हे मी तर्काने सांगत नाही. एक पडीक ५०० जीबीची डिस्क घेतली, तिच्यावर जीपीटी केली, मग सुरुवातीचे सेक्टर शून्य करून टाकले. दुसऱ्या लॅपटॉपवर तपासलं, शून्यच शून्य. ती एकटीच नव्या बोर्डाला लावली, बाकी सगळ्या काढल्या. कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम जोडलेली नाही, बायोसच्या पडद्यापर्यंत गेलो आणि वीज बंद केली. पुन्हा लॅपटॉपला लावून पहिले सेक्टर उघडले. दुसऱ्या सेक्टरच्या आरंभी ठसठशीत अक्षरं: ‘ईएफआय पार्ट’. जीपीटीची सही. पडद्यावर एका अक्षराची सूचना नव्हती, कुठे नोंद नव्हती.

यूईएफआयच्या मानकात काय लिहिलंय तेही पाहिलं. त्यात साफ म्हटलंय की मुख्य प्रत पुन्हा लिहिण्याआधी वापरकर्त्याची संमती घ्यावी, आणि असा बदल केला की तो कळवलाच पाहिजे. शेवटच्या सेक्टरमध्ये जुनी, शिळी जीपीटी उरलेली असू शकते, हा धोकाही त्यात नोंदवलेला आहे. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांना हे सगळं आधीच सुचलं होतं. बोर्ड करणाऱ्यांनी विचारण्याचा भाग तेवढा गाळला.

हे सगळं फोटोंसकट, सेक्टरच्या छापांसकट बोर्डाच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं की बायोस अद्ययावत करा. केलं, प्रयोग पुन्हा केला, निकाल तोच. पुन्हा कळवलं. आता उत्तर आलं की आम्ही फक्त विंडोजवर चाचणी करतो, तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष असावा. ज्या प्रयोगात ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हती त्यात तिचा दोष! मी पुन्हा लिहिलं, तर तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद केलेली. मला भांडायचं नव्हतं, भरपाई नको होती. बायोसमध्ये एक चौकट द्या, दुरुस्ती करायची का, हो किंवा नाही, एवढंच मागणं होतं. घरात आलेल्या सुताराने न सांगता कपाटाचा कप्पा बदलला तर आपण त्याला पुन्हा बोलावतो का?

ओळखीच्या जाणकारांचं तर निराळंच. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य प्रत्येकाने ऐकवलं. बॅकअप होता. कॅसेटींची प्रत नागपूरला ताईकडे होती, दिवाळीला गेलो की भरून येतो. तरीही ऐकवलं, कारण ते वाक्य तोंडात बसलेलं असतं आणि ते म्हटलं की समोरच्याचं ऐकावं लागत नाही.

माहिती परत आली. आणि ती आली हे कळल्यावर राग उलट वाढला, कारण मजकुराचा एक बाइटही कुठे हललेला नव्हता. माझ्या रेडचा मजकूर २,६२,१४४व्या सेक्टरपासून, म्हणजे १२८ एमबीनंतर सुरू होत होता. जीपीटीचे ३४ सेक्टर तिथपर्यंत पोचतच नाहीत. गेली होती ती फक्त ओळख. शाबूत दोन डिस्कवरून सगळं वाचता आलं: कोणती रेड, तुकडा ५१२ किलोबाइटचा, मजकूर कुठून सुरू, आणि त्या दोघींचे क्रमांक, शून्य आणि तीन. उरलेल्या दोघींपैकी एक नंबर एक, दुसरी नंबर दोन. दोनच शक्यता.

अशा वेळी थेट मूळ डिस्कवर आज्ञा चालवायच्या नसतात. प्रत्येक डिस्कवर एक थर पसरायचा, जो वाचताना खालचं दाखवतो आणि लिहिलेलं सगळं स्वतःवर घेतो. लिनक्समध्ये ही सोय आहे आणि ती न वापरता जो रेड पुन्हा ‘तयार’ करतो त्याला माझा नमस्कार. त्या थरांवर रेड नव्याने मांडली, सगळे आकडे हाताने देऊन, कारण एमडीएडीएमच्या नव्या आवृत्तीच्या मनातला सुरुवातीचा सेक्टर जुन्याशी जुळेलच असं नाही. आणि ‘सगळं ठीक आहे असं समज’ हा पर्याय घालून, नाहीतर ते लगेच पॅरिटी जुळवायला बसतं. पहिल्या क्रमाने फाइल सिस्टिम ओळखली तर गेली, पण नुसती तपासायला सांगताच चुकांच्या ओळी पडद्यावरून ओसंडून वाहायला लागल्या. मधल्या दोघींची अदलाबदल केली. एकही चूक नाही. बाबांचा आवाज लागला, “पुन्हा घ्या, पहिल्यापासून,” असं कुणालातरी ओरडत होते.

लगेच रीस्टार्ट मात्र करायचं नव्हतं. मूळ डिस्कवर ओळख पुन्हा लिहिली असती तरी शेवटच्या सेक्टरमधली शिळी प्रत जागेवर होतीच, बोर्डाने तीच पुन्हा छापली असती. म्हणून एक मोठी डिस्क विकत आणली आणि थरांवरून सगळं तिच्यावर काढलं. मधे गुरुवार आला, आमच्याकडे गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद, त्यामुळे इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत बसलो. नंतर चारही डिस्क आरंभापासून शेवटापर्यंत शून्य केल्या, प्रत्येकीवर आधी पार्टिशन केलं आणि मग त्या पार्टिशनांवर रेड बांधली. आता तिथे खरीखुरी जीपीटी आहे, बोर्डाने हवी तेवढी दुरुस्त करावी. अख्ख्या डिस्कवर रेड बांधू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

पण एक कबूल करावं लागेल. सोसायटीतल्या एका मुलाच्या डिस्कची सुरुवात कुठल्यातरी इन्स्टॉलरने खराब केली होती. माझ्याच बोर्डाला लावून पाहिली, तर पार्टिशन हजर, प्रोजेक्टचे सगळे रिपोर्ट हजर. पोरगा पाया पडायचा बाकी होता. कंपनीचा माणूस समोर असता तर म्हणाला असता, बघा, लाखात एक तुमच्यासारखा, बाकी सगळे असे. त्याचं म्हणणं पूर्ण चुकीचं ठरलं नसतं. आधी विचारायला काय हरकत होती, हा माझा प्रश्न तरीही उभा राहतो.

तो बोर्ड फेकून देणार होतो. दिला नाही. थंड चालतो, वीज कमी खातो, सहा डिस्कची सोय आहे. परवा एका मित्राला घरी सर्व्हर करायचा होता. त्याला आधी तासभर सांगितलं की या भानगडीत पडू नकोस, तयार डबा मिळतो तो घे. मग रविवारी त्याच्याबरोबर तपकीर गल्लीत गेलो आणि घासाघीस करून त्याला तोच बोर्ड घेऊन दिला. त्याच्याकडेही जुन्या विंडोजमधून काढलेल्या डिस्क आहेत. त्या सध्या माझ्याकडे शून्य होतायत, चार टेराबाइटला सहा-सात तास तरी लागतात.