नाही म्हणणारी मुलं

सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी पुस्तक मिळतं. मळकं, पानं सुटत आलेलं. आतल्या बाजूला तक्ता आहे: पुस्तक कधी दिलं, तेव्हा त्याची अवस्था कशी होती, घेणाऱ्याचा वंश कोणता. अकरा वेळा ते गोऱ्या मुलांकडे गेलेलं. पार खिळखिळं झाल्यावर बाराव्या खेपेला काळ्या मुलाच्या वाट्याला आलेलं. मुलाला वाचता येतं. तो ते पुस्तक जमिनीवर फेकतो आणि त्याच्यावर पाय आपटत राहतो. मग छडी खातो.

मिल्ड्रेड टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ या १९७६च्या किशोर कादंबरीतला हा लिटल मॅन. काळ १९३३चा, प्रदेश मिसिसिपी. चिपळुणातल्या आठवी-नववीच्या मुलांना मी हा प्रसंग सांगते, तेव्हा मुलं मनापासून चिडतात. बरं केलं त्यानं, म्हणतात.

मग मी उर्मिला पवारांचं ‘आयदान’ हे आत्मकथन काढते. हे आपल्याच जिल्ह्यातलं, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या लेखिकेचं. आई बांबूची सुपं-टोपल्या विणायची आणि त्या घरोघर पोचवायला लेकीला पाठवायची. टोपल्यांवर पाणी शिंपडून मगच त्या घरात घेतल्या जात. पैसे वरून हातावर टाकले जात. शाळेत गुरुजींनी शेण काढायला सांगितलं, तर या मुलीनं नकार दिला. थोबाडीत बसली. आईनं गुरुजींना जाब विचारला.

लिटल मॅनचीच बहीण शोभावी अशी ही पोर. पण इथे वर्ग गप्प होतो. एखादा विचारतो, “बाई, गुरुजींचं आडनाव काय होतं?” त्या प्रश्नानं मला दर वेळी चरका बसतो. मिसिसिपीत कुणाची बाजू घ्यायची हे ठरवायला त्याला आडनाव लागलं नव्हतं.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली तिथल्या गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२च्या दलित पँथरनं ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. पण तिथल्या लेखकांनी तिथल्या मुलांसाठी, त्यांच्या वयाच्या नायकांना घेऊन जे लिहिलं, ते मात्र आपण घेतलं नाही. आपल्याकडे आहेत ती आत्मकथनं: दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, ‘आयदान’ २००३चं. बळकट, थोर पुस्तकं. पण मोठ्या माणसांनी मागे वळून, मोठ्यांसाठी लिहिलेली. त्यातलं बालपण सरून गेलेलं असतं, म्हणून वाचणाऱ्या मुलाला सहज म्हणता येतं की तेव्हा तसं होतं.

मला आजची मुलगी हवी आहे. खेर्डीहून एसटीनं शाळेत येणारी, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असणारी. मैत्रिणीच्या आजीनं ओटीवर बसवून “आडनाव काय गो तुझं?” विचारल्यावर क्षणभर थांबणारी. ती काय उत्तर देते, घरी येऊन आईशी काय बोलते, दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीशेजारी बसते की नाही, हे चौदा वर्षांच्या वाचकासाठी कुणीतरी मराठीत लिहायला हवं. कादंबरीच लिहायला हवी, आणि ती त्याच मुलीच्या तोंडून.